रेणू म्हणजे ठिपके आणि रेघा: केमिस्ट्रीत टोपोलॉजी नक्की करते तरी काय?

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना मिळालं, मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्कसाठी. म्हणजे सांध्यांवर धातू, मधे कार्बनवाल्या लांब दांड्या, आणि आत भरपूर मोकळी जागा असलेली स्फटिकं. वाळवंटातल्या हवेतून पाणी काढणं, कार्बन डायऑक्साइड पकडणं हे सगळं बातम्यांमधे आलंच, पण या क्षेत्रातली माणसं आपापसात ज्या भाषेत बोलतात ती कुठे फारशी आली नाही. त्यांची भाषा जाळ्यांची असते: एका सांध्याला हात किती, कोण कोणाला जोडलंय, एकूण जाळं कुठल्या जातीचं. रॉबसन १९७४ मधे मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची मॉडेल्स बनवून घेत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की गोळ्यांना भोकं कुठे पाडायची एवढं ठरलं की पुढचं मॉडेल जवळजवळ आपोआप ठरतं. पुढे १९८९ मधे त्यांनी चार हातांचे तांब्याचे आयन आणि चार हातांचेच कार्बनी रेणू घेतले आणि हिऱ्यासारखं जाळं तयार झालं.

तर विषय हा आहे. केमिस्ट्रीतलं असं गणित ज्याला अंतर, कोन, वजन याच्याशी फारसं देणंघेणं नाही, ते फक्त जोडणी बघतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: हे गणित वाटतं त्यापेक्षा खूप लांबपर्यंत चालतं, आणि घोळ तेव्हा सुरू होतो जेव्हा लोक त्यातून निघालेल्या एका आकड्याच्या प्रेमात पडतात.

## सगळं फेकून दिलं तर उरतं काय

लोकलच्या डब्यात दारावर स्टेशनांचा नकाशा असतो तो आठवा. त्यात मरीन लाइन्स ते चर्नी रोड जेवढं अंतर दिसतं तेवढंच विरार ते वैतरणा दिसतं, प्रत्यक्षात एक चालत जाण्याइतकं आणि दुसरं कित्येक किलोमीटर. रेघा सरळ मारलेल्या असतात, रूळ काही तसे सरळ नाहीत. तरी कोणाचं अडत नाही, कारण कुठल्यानंतर कुठलं आणि गाडी कुठे बदलायची एवढंच आपल्याला हवं असतं.

रेणूचं अगदी तसंच करायचं. अणू म्हणजे ठिपका, बंध म्हणजे रेघ, बाकी सगळं पुसून टाकायचं. हायड्रोजनसुद्धा बहुतेक वेळा काढून टाकतात कारण उरलेल्या जागा तोच भरतो हे ठरलेलं असतं. अशा ठिपके-रेघांच्या आकृतीला गणितात ग्राफ म्हणतात (शाळेतला एक्स-वाय अक्षांवाला ग्राफ वेगळा, तो इथे विसरा). या अर्थाने ग्राफ हा शब्द गणितात आणला जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टरने, १८७८ मधे, आणि तोही केमिस्ट्रीतल्या आकृत्यांवरूनच.

त्याचाच मित्र आर्थर केली याने त्याआधी दोनतीन वर्षं एक प्रश्न धरला होता: अमुक इतके कार्बन घेतले तर एकेरी बंधांनी, कुठेही कडं न करता, किती वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडता येतील? म्हणजे अल्केनचे आयसोमर किती. चार कार्बनला २, पाचला ३, सहाला ५, सातला ९, दहाला ७५. वीस कार्बनला ३,६६,३१९. केलीने हातानं तेरापर्यंत मोजलं आणि शेवटचे दोन आकडे चुकले, बाराला त्याने ३५७ सांगितले ते खरे ३५५, तेराला ७९९ सांगितले ते खरे ८०२. कॉम्प्युटर नसताना एवढं बरोबर आलं हेच खूप आहे. सरळ सोपी अशी मोजणीची पद्धत जॉर्ज पोल्याने दिली, १९३७ मधे.

## पाच कार्बनचं गणित, वहीवर

आता वही-पेन घ्या, खरंच घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. पेंटेन म्हणजे पाच कार्बन. तीन तऱ्हा: एक सरळ रांग, दुसरी चारची रांग आणि शेवटून दुसऱ्याला एक फाटा, तिसरी मधोमध एक आणि त्याला चारही बाजूंनी चार. यांची नावं अनुक्रमे पेंटेन, आयसोपेंटेन, निओपेंटेन. फॉर्म्युला तिघांचा एकच, वजन एकच. पण उकळतात ३६, २८ आणि ९.५ अंश सेल्सिअसला. निओपेंटेन तर पुण्यातल्या खोलीत गॅस असतो.

हा फरक नुसत्या नकाशावरून सांगता येईल का? १९४७ मधे हॅरी वीनर या तरुण अमेरिकन केमिस्टने (पुढे हा माणूस डॉक्टर झाला) एक अगदी साधी गोष्ट केली. प्रत्येक दोन ठिपक्यांची जोडी घ्यायची, एकापासून दुसऱ्यापर्यंत कमीत कमी किती रेघा ओलांडाव्या लागतात ते मोजायचं, सगळ्या जोड्यांची बेरीज करायची. झालं.

सरळ रांगेत एका रेघेवरच्या ४ जोड्या, दोन रेघांवरच्या ३, तीनवरच्या २, चारवरची १. म्हणजे ४ + ६ + ६ + ४ = २०. आयसोपेंटेनला ४ + ८ + ६ = १८. निओपेंटेनला चार जोड्या शेजारच्या आणि बाकी सहा दोन रेघांवरच्या, ४ + १२ = १६. रेणू जितका गोळा होऊन बसलेला तितका आकडा लहान, आणि उकळण्याचं तापमानही कमी. यामागचं कारण सरळ आहे. अशा रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारी ओढ त्यांच्या पृष्ठभागावर अवलंबून असते, लांब रेणू शेजाऱ्याला अंगभर चिकटतो, गोळा झालेल्याला चिकटायला जागाच कमी.

वीनर इथे थांबला नाही. त्याने दुसरा आकडा घेतला, बरोबर तीन रेघांच्या अंतरावर असलेल्या जोड्या किती. आणि सूत्र दिलं: सरळ रांगेच्या मानाने तापमान किती घसरेल ते काढायला पहिल्या आकड्यातली घट गुणिले ९८ भागिले कार्बनच्या संख्येचा वर्ग, अधिक दुसऱ्या आकड्यातली घट गुणिले ५.५. आयसोपेंटेनला लावा: पहिला आकडा २ ने घटला, ९८ भागिले २५ गुणिले २ म्हणजे ७.८, दुसरा आकडा तोच राहिला (दोघांकडे २ जोड्या). प्रत्यक्षात फरक ८.२ अंश. निओपेंटेनला: ४ ने घट म्हणजे १५.७, आणि तीन रेघांवर एकही जोडी नाही म्हणून २ ने घट, ११. बेरीज २६.७. प्रत्यक्षात २६.६.

हे पहिल्यांदा करून बघितलं की जरा वेळ गप्पच बसायला होतं. कुठे क्वांटम नाही, कुठे अणूचा आकार नाही, नुसत्या रेघा मोजल्या.

तुमच्या घरात हा फरक चालू स्थितीत आहे, बरं का. बऱ्याच नव्या फ्रीजच्या मागे आर६००ए असं लिहिलेलं असतं, तो आयसोब्यूटेन, चार कार्बनचा फाटेवाला. तो उणे ११.७ ला उकळतो आणि त्याचा सरळ भाऊ ब्यूटेन उणे ०.५ ला.

## बरं, पण दोन वेगळ्या रेणूंना एकच आकडा आला तर?

येतो. सात कार्बनचे दोन रेणू घ्या. एकात मधला कार्बन आणि त्याला दोन-दोन कार्बनचे तीन हात, दुसऱ्यात पाचची रांग आणि दुसऱ्या व चौथ्या जागेवर एकेक फाटा. दोघांची वीनरची बेरीज ४८, मी वर सांगितलं तसं वहीवर करून बघा. पण पहिला साधारण ९३.५ ला उकळतो आणि दुसरा ८०.५ ला. तेरा अंशांचा फरक आणि आकडा मात्र सारखा.

इथेच त्या दुसऱ्या आकड्याची किंमत कळते. तीन रेघांवरच्या जोड्या पहिल्यात ६, दुसऱ्यात ४. फरक २, गुणिले ५.५ म्हणजे ११ अंश. तेरा नाही पण जवळ. म्हणजे वीनरने स्वतःच ओळखलं होतं की एका आकड्यात रेणू मावत नाही, आणि पुढच्या लोकांनी नेमकं तेच विसरून फक्त पहिला आकडा उचलला, त्याला वीनर इंडेक्स असं नाव पडलं. मग १९७१ मधे जपानच्या हारुओ होसोयाचा इंडेक्स आला, १९७५ मधे मिलान रांदिचचा आला, हे दोन्ही खरंच कामाचे, औषधांच्या रिसर्चमधे रांदिचचा भरपूर वापरला गेला. पण त्यानंतर जी रांग लागली ती आजपर्यंत संपलेली नाही. आपल्याकडेही आणि बाहेरही इंडेक्सच्या जिलब्या पाडणं चालू आहे: जुन्या सूत्रात बेरजेच्या जागी गुणाकार टाका, दहावीस आकृत्यांना लावा, पेपर तयार. एका तरी खऱ्या गुणधर्माशी ताडून बघितलंय का असं विचारलं की बऱ्याचदा उत्तर नसतं. मला विचाराल तर उकळणं, विरघळणं, विषारीपणा असं काहीतरी मोजलेलं शेजारी ठेवल्याशिवाय नवा इंडेक्स छापूच नये.

अजून एक गोष्ट नकाशाला दिसत नाही. पुदिन्याच्या स्पिअरमिंट जातीचा वास आणि बाळंतशेपेचा वास, दोन्हीत मुख्य रेणू एकच, कार्व्होन, जोडणी ठिपक्याला ठिपका तीच. फक्त एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. ठिपके-रेघांच्या नकाशात डावं-उजवं नसतंच, त्यामुळे त्याला हे दोघे सारखे. नाकाला नाही.

## एखादा रेणू किती किचकट आहे हे मोजता येतं?

हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. औषध बनवताना रेणू जितका किचकट तितक्या पायऱ्या जास्त, माल वाया जास्त, खर्च जास्त. स्टीव्हन बर्ट्झने १९८१ मधे याला आकडा द्यायचा प्रयत्न केला, कल्पना माहितीशास्त्रातून घेतलेली. थोडक्यात अशी की रेणूत एकसारखे भाग जितके जास्त, सममिती जितकी जास्त, तितकं त्याचं वर्णन आटोपशीर होतं, म्हणून किचकटपणा कमी धरायचा. फाटे, कडी, वेगवेगळे अणू वाढले की तो वाढवायचा. याच घराण्यातल्या सूत्राने काढलेला आकडा पबकेम या फुकट डेटाबेसमधे प्रत्येक रेणूच्या पानावर दिसतो. ॲस्पिरिन २१२, चहा-कॉफीतलं कॅफीन २९३. हायड्रोजन सोडले तर दोघांत अणू जवळपास सारखेच, १३ आणि १४, पण कॅफीनमधे दोन कडी एकमेकांना चिकटलेली आणि नायट्रोजन पेरलेले, म्हणून आकडा चढतो.

आता यात जी मेख आहे ती बघा. कॅफीन किचकट आहे असं आपण म्हणतो, पण चहाच्या झुडपाला ते बनवायला काही कष्ट पडत नाहीत, त्याच्याकडे त्याची एन्झाइम्स तयार आहेत. म्हणजे हा आकडा चित्राचा किचकटपणा सांगतो, बनवण्याचा सांगेलच असं नाही.

## पंधराच्या वर गेलं की सजीव?

बनवण्याचाच किचकटपणा मोजू असं म्हणणारे लोक म्हणजे असेंब्ली थिअरीवाले, ग्लासगोचे ली क्रोनिन आणि अॅरिझोनाच्या सारा वॉकर. त्यांचा हिशोब असा: एका बंधापासून सुरुवात करा, तुकडे जोडत जा, एकदा बनवलेला तुकडा परत फुकट वापरता येतो, तर कमीत कमी किती जोडण्यांत रेणू पुरा होईल? तो आकडा म्हणजे असेंब्ली इंडेक्स.

करून बघू. नोनेन म्हणजे नऊ कार्बनची सरळ रांग, आठ बंध. एक आणि एक जोडून दोन, दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ. तीन जोडण्या. आता ऑक्टेन, आठ कार्बन, सात बंध. एकापासून दोन, दोनापासून तीन, तीन-तीन सहा, सहा आणि एक सात. चार जोडण्या, यापेक्षा कमीत होतच नाही. म्हणजे मोठा रेणू सोपा आणि लहान रेणू अवघड! गणिताच्या दृष्टीने बरोबर आहे, पण कुठल्याही केमिस्टला ऑक्टेन नोनेनपेक्षा किचकट आहे असं सांगा, तो तुमच्याकडे बघत राहील. लहान आकड्यांना हा चावटपणा असतोच, तो मोठ्या रेणूंत तितका जाणवत नाही हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

२०२१ मधे त्यांनी मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू फोडून तुकड्यांची वजनं मोजणारं यंत्र) शंभरेक रेणू आणि बरेच नमुने तपासून म्हटलं की १५ च्या वरचा आकडा फक्त सजीवांपासून आलेल्या नमुन्यांतच सापडतो, निर्जीवांत नाही. मंगळावर किंवा शनीच्या टायटन चंद्रावर जीवसृष्टी शोधायची तर ती पृथ्वीसारखीच असेल असं धरायची गरज नाही, फक्त हा आकडा बघा. कल्पना भारी आहे, यात शंका नाही. २०२३ मधे नेचरमधे दुसरा पेपर आला, त्यात भाषा थेट उत्क्रांती आणि निवडीपर्यंत गेली आणि मग भांडण पेटलं.

एक आक्षेप हेक्टर झेनिल आणि सहकाऱ्यांचा, की हे तर फाइल झिप करायच्या जुन्याच पद्धती, सारखे तुकडे शोधून एकदाच साठवायचे, यात नवीन काय. दुसरा आक्षेप रॉबर्ट हेझन वगैरेंचा, २०२४ चा, आणि मला हा जास्त वजनदार वाटतो: खनिजांमधे असे भलेमोठे आयन असतात ज्यांचा आकडा १५ च्या बराच वर जातो आणि तिथे जीवाचा संबंध नाही. असेंब्लीवाले म्हणतात की नुसता आकडा पुरेसा नाही, तसा रेणू भरपूर प्रतींत सापडायला हवा, आणि तो यंत्राने मोजता यायला हवा. हे म्हणणं ठीकच आहे. पण मग १५ ही लक्ष्मणरेषा राहत नाही, ती कार्बनी रेणूंच्या एका संचावर बघितलेली गोष्ट राहते. नव्या ग्रहावर पाठवायच्या यंत्रात एवढ्यावर भरवसा ठेवावा का? माझं उत्तर: इतर खुणांच्या सोबतीने हो, एकट्याने नाही.

## नकाशात न दिसणारी अडकण

आतापर्यंत आपण ग्राफ बघितला. टोपोलॉजी खरी इथून पुढे. ताणलं, वाकवलं, पिळलं तरी जे बदलत नाही त्याचा अभ्यास म्हणजे टोपोलॉजी, नियम एकच: तोडायचं नाही आणि तोडल्याशिवाय आरपार जायचं नाही.

दोन कडी सुटी ठेवली आणि दोन कडी एकमेकांत अडकवली. ठिपके तेच, रेघा त्याच, एका कड्यातल्या कुठल्याही अणूचा दुसऱ्याशी बंध नाही. वीनर, रांदिच, बर्ट्झ, सगळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. पण अडकलेली कडी बंध तोडल्याशिवाय सुटणार नाहीत. अशा रेणूला कॅटिनेन म्हणतात, पहिला बनवला एडेल वॉसरमनने बेल लॅब्जमधे, १९६० मधे, आणि तो चक्क नशिबावर: लांब साखळी कडं होताना चुकून दुसऱ्या कड्यातून गेली तर गेली. माल निघाला नावापुरता. १९८३ मधे फ्रान्सच्या झाँ-पिएर सोव्हाजने तांब्याचा आयन मधे ठेवून दोन तुकडे आधी आडवेतिडवे धरून ठेवले, मग कडी बंद केली, मग तांबं काढून घेतलं, आणि ४२ टक्के माल हातात. १९८९ मधे त्यांनीच तीन छेदांची खरी गाठ बांधली, आणि २०१६ च्या नोबेलमधे त्यांचा वाटा होता.

मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्कलाही हे भोगावं लागतं. आत मोठी पोकळी ठेवावी म्हणून दांड्या लांब केल्या की कधीकधी त्याच पोकळीतून दुसरं अख्खं जाळं वाढतं, पहिल्याशी एकही बंध नसताना. जागा मिळवायला गेलं आणि जागाच भरून गेली.

## तुमच्या शरीरात हे रोज चाललंय

आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय बॅक्टेरियाचा डीएनए गोल असतो, ४६ लाख बेस-जोड्यांचा (म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या), दोन पट्ट्या एकमेकींभोवती गुंडाळलेल्या. साधारण साडेदहा जोड्यांना एक वेढा, म्हणजे चार लाखांवर वेढे. दोन्ही पट्ट्यांची टोकं बंद. पेशीला दोन व्हायचं असेल तर या पट्ट्या पूर्ण वेगळ्या व्हायला लागतात, आणि गणित सांगतं की हे न तोडता शक्य नाही. किती वेळा अडकल्यात हा आकडा, त्याला लिंकिंग नंबर म्हणतात, तो पिळून, वाकवून, उष्णता देऊन हलत नाही, फक्त कापल्यावरच बदलतो.

म्हणजे कापून परत जोडणारं काहीतरी पेशीत असायलाच हवं. जेम्स वांग यांना ई. कोलायमधे असं पहिलं एन्झाइम सापडलं, १९७१ मधे. या कुळाला टोपोआयसोमरेज म्हणतात. एक जात एकच पट्टी कापते, आणि लिंकिंग नंबर एकाने बदलतो. दुसरी दोन्ही पट्ट्या कापून त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे काढते आणि परत शिवून टाकते, आकडा दोनाने बदलतो. दोनच, तीन नाही, हे आधी गणिताने सांगितलं आणि मग प्रयोगात दिसलं.

सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी तुम्ही कधीतरी घेतली असेलच. ती बॅक्टेरियाच्या याच दुसऱ्या जातीच्या एन्झाइमला नेमकं कापलेल्या अवस्थेत अडकवून ठेवते. कापलं, पण शिवता येत नाही. डीएनए तुकड्यांत, बॅक्टेरिया खलास.

पहिल्या जातीला अडकवणारा रेणू म्हणजे कॅम्प्टोथेसिन. तो एका चिनी झाडातून वेगळा काढला मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, १९६६ मधे, नॉर्थ कॅरोलायनात, आणि हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. हाच रेणू सह्याद्रीतल्या नरक्या झाडातही भरपूर असतो, त्यापायी घाटातली ही झाडं बेफाम तोडली गेली. त्याच्यापासून बनवलेली इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही कॅन्सरची औषधं आज सर्रास वापरात आहेत.

## मग ही औषधं चांगल्या पेशींना का सोडतात?

सोडत नाहीत. लिंकिंग नंबर कमी करायची गरज प्रत्येक विभागणाऱ्या पेशीला असते, कॅन्सरच्या पेशी सारख्या विभागत असतात म्हणून त्यांच्यावर मार जास्त बसतो एवढंच. आतड्याचं अस्तर, रक्त बनवणारी मज्जा, केसांची मुळं या पण भराभर विभागणाऱ्या जागा, म्हणून इरिनोटेकॅन घेणाऱ्यांना जुलाबाचा त्रास होतो, पांढऱ्या पेशी उतरतात, केस जातात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत आपण वाचतो कारण माणसाचं एन्झाइम बॅक्टेरियाच्या एन्झाइमपेक्षा पुरेसं वेगळं आहे, गोळी त्याच्यावर तितकी बसत नाही. पण बॅक्टेरियाही गप्प बसलेले नाहीत. त्या एन्झाइममधे गोळी जिथे बसते तिथलाच एखाददुसरा अमिनो आम्ल बदलून टाकला की काम झालं, कापणं-शिवणं चालू आणि गोळी बाहेर. टायफॉइडच्या बॅक्टेरियांनी भारतात नेमकं हेच केलंय, म्हणून जिथे एकेकाळी डॉक्टर डोळे झाकून सिप्रो लिहायचे तिथे आता दुसरं औषध लिहितात.